डॉक्टर छातीवर चार-पाच ठिकाणी स्टेथो का फिरवतात?

बऱ्याच पेशंटना वाटतं की डॉक्टरांना नीट ऐकू येत नाहीये म्हणून ते स्टेथो इकडून तिकडे सरकवतायत. काही काका तर मदत म्हणून स्वतःच स्टेथोचं तोंड धरून डाव्या बाजूला खाली नेऊन ठेवतात, "हृदय इकडे असतं ना डॉक्टर" म्हणत. हृदय खरं तर छातीच्या मधल्या हाडाच्या मागे असतं, साधारण मुठीएवढं, थोडं जास्त डावीकडे झुकलेलं आणि खालचं टोक डावीकडे वळलेलं. ते टोक आतून छातीच्या भिंतीला धडक देतं म्हणून धडधड डावीकडे जाणवते आणि फिल्मी स्टाईलने छातीवर हात ठेवायचा म्हटलं की आपण सगळे तिकडेच ठेवतो. पण ऐकायच्या जागा एकूण पाच आहेत आणि त्या का तशा आहेत हे एकदा कळलं की पुढच्या वेळी डॉक्टर तपासताना तुम्हालाही कळेल की आत्ता हा माणूस काय शोधतोय.

आधी आवाज कशाचा ते बघू. हृदयाला चार कप्पे, वर दोन खाली दोन, हे शाळेत सगळ्यांनी रंगवलेलं असतं, उजवी बाजू निळी नि डावी लाल (आकृतीत उजवी बाजू कागदाच्या डावीकडे येते आणि अर्धा वर्ग तिथेच हरवतो). या कप्प्यांना चार झडपा म्हणजे व्हॉल्व्ह असतात. वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मध्ये एकेक, डावीकडची मायट्रल आणि उजवीकडची ट्रायकस्पिड. आणि खालच्या कप्प्यातून रक्त बाहेर पडायच्या वाटेवर एकेक, डाव्या कप्प्यातून महाधमनीत जाताना एओर्टिक आणि उजव्या कप्प्यातून फुप्फुसांकडे जाताना पल्मनरी. झडपेचं काम एवढंच की रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही. ती स्वतःहून काही उघडत-मिटत नाही, ज्या बाजूला दाब जास्त त्याप्रमाणे उघडते किंवा मिटते.

आता खालचे दोन कप्पे आवळले की आतला दाब झपकन वाढतो, रक्त वर परत जाऊ पाहतं आणि मायट्रल-ट्रायकस्पिड मिटतात. हा झाला पहिला आवाज, लब. मग रक्त बाहेर जातं, आकुंचन संपतं, कप्प्यातला दाब उतरतो, बाहेर गेलेलं रक्त माघारी येऊ बघतं आणि एओर्टिक-पल्मनरी मिटतात. हा दुसरा, डब. लब जरा जड आणि लांबट, डब आखूड आणि टणक. झडपा निरोगी असतील तर उघडताना अजिबात आवाज करत नाहीत, फक्त मिटताना.

इथे एक गोष्ट सांगतो कारण ती जवळजवळ सगळीकडे अर्धवट सांगितली जाते. झडपेच्या पाकळ्या एकमेकींवर आपटतात आणि त्याचा आवाज होतो असं म्हणतात, घाईत मी पण तेच सांगतो, पण त्या पाकळ्या इतक्या पातळ आणि मऊ असतात की नुसत्या एकमेकींना टेकून छातीबाहेर ऐकू येईल असा आवाज निघणारच नाही. खरं होतं असं की मिटलेली झडप ताणली जाते, मागे निघालेलं रक्त एकदम अडतं आणि त्या अडण्याने झडप, रक्त, हृदयाची भिंत, रक्तवाहिनीची भिंत असं सगळंच थरथरतं. ती थरथर पसरत पसरत छातीच्या कातडीपर्यंत येते. हे लक्षात ठेवा, कारण ऐकायच्या जागांचं कोडं यानेच सुटतं.

हे सगळं माणसाला बरंच उशिरा कळलं. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरण मांडलं तेव्हा हृदयाच्या ठोक्याबरोबर छातीत आवाज ऐकू येतो असंही लिहिलं, तर व्हेनिसच्या एका डॉक्टरने त्याची टर उडवली की आमच्याकडे तर असा काही आवाज येत नाही, लंडनमध्ये येत असेल. मग १८१६ मध्ये पॅरिसला रेने लायनेकने एका तरुण बाईला तपासताना थेट छातीला कान लावणं बरं दिसेना म्हणून कागदाची गुंडाळी केली आणि तिच्यातून ऐकलं, तर कान लावून ऐकण्यापेक्षा जास्त स्पष्ट आलं. तिथून लाकडी नळी, तिथून स्टेथोस्कोप. गंमत म्हणजे या लायनेकचाच दुसऱ्या आवाजाबद्दल घोटाळा होता, त्याला डब हा वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा आवाज वाटायचा. आवाजाचा संबंध झडपांशी आहे हे रुआने नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८३२ मध्ये मांडलं, तोवर लायनेक क्षयाने वारला होता. यंत्र शोधणाऱ्यालाच आपण नेमकं काय ऐकतोय ते पूर्ण कळलं नव्हतं, पण म्हणून काही अडलं नाही, ऐकलेलं त्याने नीट लिहून ठेवलं.

आता जागा. यासाठी बरगड्या मोजता आल्या पाहिजेत आणि वरून मोजायला गेलात तर फसाल, कारण पहिली बरगडी कॉलर बोनच्या आड लपलेली असते, हाताला धड लागत नाही. युक्ती अशी की गळ्याखाली दोन कॉलर बोनच्या मधे जो खड्डा असतो तिथे बोट ठेवा आणि मधल्या हाडावरून सावकाश खाली सरकवा. चार-पाच सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. सापडला नाही तर जरा मागेपुढे करा, बारीक माणसात तो नुसता दिसतो सुद्धा. त्याला लुईचा कोन म्हणतात. त्या उंचवट्यावरून बोट बाजूला घसरवलं की जी बरगडी लागते ती दुसरी. तिच्या लगेच खाली जो मऊ खळगा लागतो ती दुसरी फट. आता एकेक बरगडी ओलांडत खाली या, तिसरी फट, चौथी, पाचवी. एमबीबीएसच्या पोरांना आम्ही हेच पहिल्यांदा करायला लावतो आणि परीक्षेत घाबरलेला पोरगा हमखास थेट स्टेथो टेकवतो, बरगडी न मोजता.

उजवीकडे दुसरी फट, हाडाला लागून: एओर्टिकची जागा. डावीकडे दुसरी फट, हाडाला लागून: पल्मनरीची. त्याच्या खालची, डावीकडची तिसरी फट, हिला एर्बचा पॉइंट म्हणतात. अजून खाली हाडाच्या डाव्या कडेला चौथी-पाचवी फट: ट्रायकस्पिड. आणि शेवटी डावीकडे पाचव्या फटीत, कॉलर बोनच्या मध्यातून सरळ खाली रेघ ओढली तर जिथे येईल तिथे, मध्यरेषेपासून साधारण ८-९ सेंटीमीटरवर: मायट्रल. हृदयाचं टोक इथे असतं. बायकांमध्ये स्तन उचलून त्याखाली ऐकावं लागतं, वरून दाबून काही कळत नाही, आणि लहान मुलांत हे टोक एक फट वर, चौथीत, असतं.

बघा, एओर्टिक झडप डाव्या कप्प्याची आणि ऐकायची जागा छातीच्या उजव्या बाजूला. इथे प्रत्येक जण अडखळतो. चारही झडपा खऱ्या म्हणजे मधल्या हाडाच्या मागे एका तिरक्या रेषेत एकमेकींना खेटून असतात, इतक्या की झडपेच्या बरोब्बर डोक्यावर स्टेथो ठेवायचा म्हटलं तर तो जवळजवळ एकाच जागी राहील आणि चौघींचा आवाज एकदम कानात येईल, त्यात वर जाडजूड हाड. मग आपण ऐकतो कुठे, तर त्या झडपेतून रक्त ज्या दिशेला जातं, त्या वाटेवर जिथे ते छातीच्या भिंतीच्या सगळ्यात जवळ येतं तिथे. रक्त आवाज आपल्यासोबत घेऊन जातं. महाधमनी डाव्या कप्प्यातून निघून वर आणि उजवीकडे वळते म्हणून एओर्टिक उजवीकडे वर. मायट्रलमधून रक्त डाव्या कप्प्याच्या टोकाकडे येतं म्हणून मायट्रल खाली डावीकडे टोकाशी. एकदा ही दिशा डोक्यात बसली की पाठांतर करायची गरज नाही.

याच कारणाने लब टोकाशी मोठा ऐकू येतो आणि डब वर, दुसऱ्या फटीत. स्टेथो टोकापासून वरपर्यंत इंच-इंच सरकवत नेला तर दोघांचा जोर हळूहळू बदलत जातो, तो बदल पण ऐकायचा असतो, म्हणून डॉक्टर उचलून टेकवत नाहीत तर सरकवतात.

लब कुठला आणि डब कुठला हे कसं ओळखायचं, हा प्रश्न साधा वाटतो पण नाही. मिनिटाला ७५ ठोके असतील तर एका ठोक्याला ०.८ सेकंद, त्यातले साधारण ०.३ आकुंचनाचे आणि ०.५ विश्रांतीचे. म्हणजे लब-डब मधली फट छोटी, डब आणि पुढच्या लबमधली मोठी, त्यावरून कळतं. पण ठोके वाढले की विश्रांतीचा वेळ जास्त कापला जातो आणि १२० च्या वर दोन्ही फटी सारख्याच वाटायला लागतात, तापाने फणफणलेलं पोर असेल तर विचारूच नका. अशा वेळी एका हाताने मानेतली नाडी हलकेच धरायची. नाडीचा ठोका ज्याच्याबरोबर लागतो तो लब. मनगटाची नाडी यासाठी चालत नाही, तिथपर्यंत लाट पोचायला वेळ लागतो आणि गल्लत होते.

यानंतरची गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची. स्टेथो पल्मनरीच्या जागेवर ठेवा, डावीकडे दुसऱ्या फटीत, आणि समोरच्याला सावकाश श्वास घ्यायला सांगा. श्वास आत जाताना डब फुटतो, एकाचे दोन होतात, ड-डब. श्वास सोडताना परत एक. का, तर श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो, शरीरातलं जास्त रक्त उजव्या बाजूला ओढलं जातं, तेवढं रक्त बाहेर टाकायला उजव्या कप्प्याला थोडा जास्त वेळ लागतो आणि पल्मनरी झडप एओर्टिकपेक्षा जरा उशिरा मिटते. उशीर किती, तर ०.०३-०.०४ सेकंद. एवढुसा फरक कानाला कळतो हे पहिल्यांदा ऐकेपर्यंत खरं वाटत नाही. आठ-दहा वर्षांच्या बारीक मुलात हे सगळ्यात छान ऐकू येतं, साठीच्या जाड्या माणसात बहुतेक नाहीच.

आणि याचा उपयोग काय, तर हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल तर हा डब कायम फुटलेला राहतो, श्वास घ्या नाहीतर सोडा, अंतर तेवढंच. "हार्टला होल आहे" म्हणतात त्यातला हा एक प्रकार. त्या भोकातून जाणारं रक्त स्वतः काही आवाज करत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या दाबात फारसा फरक नसतो. मूल खेळतंय, वजन बरं आहे, तक्रार काहीच नाही, आणि फक्त हा न हलणारा डब चुगली करतो.

लब आणि डबशिवाय तिसरा आणि चौथा आवाज पण असतो. दोन्ही मंद, घुमटलेले, टोकाशी ऐकायचे, पेशंटला डाव्या कुशीवर वळवून. तिसरा डबच्या लगेच नंतर, खालच्या कप्प्यात रक्त भसकन भरतं तेव्हा. मुलांत, तरुणांत, गरोदर बाईत तो नॉर्मल असू शकतो. पण पन्नाशीच्या, पायाला सूज असलेल्या, रात्री दम लागून उठून बसणाऱ्या माणसात तो ऐकू आला तर हृदयाचा पंप कमजोर झालाय असं धरून चालायचं. चौथा लबच्या जरासा आधी, कप्पा कडक झालेला असताना वरचा कप्पा जोर लावून रक्त ढकलतो त्याचा, वर्षानुवर्षं बीपी असलेल्यांत येतो. आणि ज्यांचा वरचा कप्पा नीट आवळतच नाही, नुसता फडफडतो, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, त्यांच्यात चौथा आवाज असूच शकत नाही. परीक्षकांचा लाडका प्रश्न आहे हा.

आता मर्मर, ज्या शब्दाने आईबापांची झोप उडते. रक्त नीट वाहत असतं तोवर आवाज करत नाही. बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी फुस्स करतं तसं वाट अरुंद झाली, किंवा झडप गळायला लागली, किंवा नुसतंच रक्त जास्त जोरात वाहायला लागलं की आवाज येतो. तो आवाज म्हणजे मर्मर, आजाराचं नाव नाही. डॉक्टर त्याच्याबद्दल तीन गोष्टी बघतात: लब-डबच्या मधे येतोय की डबनंतर, सगळ्यात मोठा कुठे येतोय, आणि तिथून कुठे पसरतोय.

पाच जागांचं काम इथे लागतं. एओर्टिक झडप अरुंद झाली असेल, म्हातारपणी चुना साठून होते तशी, तर मर्मर लब-डबच्या मधे, उजवीकडे वर, आणि तिथून मानेत चढतो कारण रक्त तिकडे चाललंय. मायट्रल गळत असेल तर मर्मर तेव्हाच, लब-डबच्या मधे, पण टोकाशी, आणि काखेकडे जातो. एओर्टिक गळत असेल तर डबनंतर, बारीक फुंकर मारल्यासारखा, एर्बच्या पॉइंटला. हा इतका हलका असतो की पेशंटला पुढे वाकून बसवायचं, श्वास पूर्ण सोडायला लावायचा, आणि मग धर म्हणायचं. (आमच्याकडे श्वास थांबवा म्हटलं की निम्मे लोक बोलणं थांबवतात, श्वास चालूच.) आणि मायट्रल अरुंद असेल तर डबनंतर टोकाशी एक खोल घरघर, लब मात्र एकदम खणखणीत. याची थरथर कधीकधी हाताला पण लागते, लायनेकनेच तिला मांजराच्या घुरघुरीची उपमा दिली होती आणि ती आजही तशीच शिकवली जाते.

या शेवटच्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडे तरुण वयात मायट्रल अरुंद होण्याचं मोठं कारण संधिवाताचा ताप, ऱ्हुमॅटिक फीव्हर. ५ ते १५ वयात एका विशिष्ट स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा दुखतो, बरा होतो, सगळे विसरून जातात, आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघे-घोटे सुजतात, आज हा सांधा उद्या तो. शरीर त्या जंतूविरुद्ध लढायला निघतं आणि चुकून स्वतःच्या सांध्यांवर आणि झडपांवर घसरतं. सांधे बरे होतात, झडपा होतीलच असं नाही, वर्षानुवर्षं जाड होत, चिकटत जातात. मग पंचविशीतल्या बाईला पहिल्या बाळंतपणात सातव्या महिन्यात दम लागतो, घरचे म्हणतात या दिवसांत लागतोच, पण गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळजवळ दीडपट होतं आणि अरुंद झडपेतून ते जात नाही. म्हणून नाव नोंदवायला आलेल्या प्रत्येक बाईच्या टोकाशी, डाव्या कुशीवर वळवून, मिनिटभर ऐकलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे, मग बाहेर कितीही रांग असो. वेळेत सापडलं तर फुग्याने झडप मोकळी करता येते, आणि ज्या मुलांना हा ताप येऊन गेलाय त्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन अनेक वर्षं, कधीकधी चाळिशीपर्यंत सुद्धा देतात. दुखतं फार, मुलं पळतात, पण सोडायचं नाही.

उलट बाजूला, शाळेत तपासणीला आलेल्या टीमने चिठ्ठी दिली, "मर्मर आहे, पुढे दाखवा", आणि घरात रडारड, असंही खूप होतं. ही तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो पण आपल्याच पालघरमधून, आणि त्यात जन्मजात हृदयदोष शोधणं हे एक कामच आहे, त्यामुळे त्यांनी चिठ्ठी दिली म्हणजे त्यांनी काम नीट केलं. पण निरोगी मुलांत मर्मर अगदी कॉमन आहे. १९०९ मध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या लंडनच्या बालरोगतज्ज्ञाने असा एक मर्मर सांगितला, तार छेडल्यासारखा, गोड, मूल आडवं झालं की मोठा, उभं राहिलं की कमी, आणि हृदय एकदम ठणठणीत. ताप, रक्त कमी असणं, गरोदरपण, थायरॉइड वाढलेलं, यात पण रक्त जोरात वाहतं म्हणून मर्मर येतो, आणि आपल्याकडे रक्त कमी असणं काही दुर्मिळ नाही, हिमोग्लोबिन वाढलं की आवाज जातो. मात्र हे सगळे बिनधोक मर्मर लब-डबच्या मधे येणारे. डबनंतर, विश्रांतीच्या वेळात मर्मर असेल तर तो बिनधोक म्हणून सोडायचा नाही, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायचीच.

आणि मोठा आवाज म्हणजे मोठा आजार, हे डोक्यातून काढून टाका. मर्मरला १ ते ६ असे ग्रेड देतात, १ म्हणजे कान देऊन शोधावा लागतो आणि ६ म्हणजे स्टेथो छातीवरून जरासा उचलला तरी ऐकू येतो. पण खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक भोक असेल तर रक्त तिथून इतक्या जोरात सुटतं की आवाज दणदणीत, आणि अशी बारीक भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात. भोक मोठं असेल तर आवाज कमी आणि मूल दूध पिताना घामाघूम. तसंच एओर्टिक फार अरुंद होऊन हृदय थकलं की मर्मर उलट मंदावतो, नातेवाइकांना वाटतं सुधारणा आहे.

स्टेथोबद्दल थोडं. त्याला सपाट बाजू असते आणि छोट्या वाटीची बाजू. सपाट बाजू दाबून धरायची, ती बारीक, उंच आवाजांना: लब, डब, गळक्या झडपा. वाटी नुसती टेकवायची, ती खोल आवाजांना: तिसरा, चौथा, मायट्रलची घरघर. वाटी जोरात दाबली की कातडी ताणून तिचाच पडदा होतो आणि जे ऐकायचं तेच गायब. हल्लीच्या बऱ्याच स्टेथोंना एकच बाजू असते, हलकं धरलं की वाटी, दाबलं की पडदा. कानात घालायच्या नळ्यांची टोकं पुढे, नाकाच्या दिशेला हवीत, उलटी घातली तर निम्मा आवाज कानाच्या भिंतीवर जातो. पंखा बंद. शर्टावरून ऐकू नये, नायलॉनची सळसळ आणि छातीवरचे केस घासल्याचा आवाज हुबेहूब काहीतरी आजार असल्यासारखा येतो. केस असतील तर जरा पाण्याने ओले करायचे. शर्टावरून दोन सेकंद टेकवून "नॉर्मल आहे" म्हणणारे आपल्या धंद्यात आहेत, नाकारत नाही.

कधी नेहमीच्या जागी काहीच नीट येत नाही. छाती जाड असेल, किंवा वर्षानुवर्षं बिडी ओढून फुप्फुसं फुगलेली असतील तर मधे हवेची गादीच असते, अशा वेळी छातीच्या हाडाच्या खाली, पोटाच्या वरच्या खळगीत ऐकायचं. हृदयाभोवती पाणी साठलं तर आवाज दबतात, आणि त्याबरोबर बीपी पडलेलं आणि मानेच्या शिरा फुगलेल्या असतील तर बोलत बसायची वेळ नसते, पाणी काढावं लागतं. आणि क्वचित एखाद्याचं हृदय जन्मतः उजवीकडे असतं, डावीकडे शोधून शोधून दमल्यावर उजवीकडे टेकवलं की सगळं व्यवस्थित वाजतं.

ज्यांना धातूची झडप बसवलीय त्यांचा टिकटिक आवाज शांत खोलीत शेजारी बसलेल्यालाही येतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनवलेली भारतीय झडप १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली आणि त्यानंतर हे ऑपरेशन आपल्याकडे पुष्कळ लोकांच्या आवाक्यात आलं. सुरुवातीला रात्री झोप लागत नाही म्हणून तक्रार करतात, मग सवय होते. पण या लोकांनी आणि घरच्यांनी एक पक्कं लक्षात ठेवायचं, ती टिकटिक अचानक मंद झाली किंवा बदलली, सोबत दम लागला, तर झडपेत गुठळी अडकलेली असू शकते. त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी मधे बंद पडली असेल तर.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, "डॉक्टर, ऐकून सांगा ना ब्लॉकेज आहे का". नाही सांगता येत. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या दोन-चार मिलिमीटरच्या, त्यांचं तुंबणं स्टेथोला ऐकू येत नाही, लब-डब एकदम स्वच्छ असलेल्या माणसाला हार्ट अटॅक चालू असू शकतो. त्यासाठी ईसीजी, गरज पडली तर अँजिओग्राफी. झडपा आणि भोकांसाठी इको, ती सोनोग्राफीच आहे, १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड गावात एडलर नावाचा डॉक्टर आणि हर्ट्झ नावाचा भौतिकशास्त्रज्ञ यांनी धातूतले दोष तपासायचं यंत्र उसनं आणून हृदयावर लावलं, तिथून सुरू झाली. इको आली म्हणून स्टेथो जाईल असं मी विद्यार्थी होतो तेव्हापासून ऐकतोय. पण इको कुणाची करायची हे ठरवायला आमच्या तालुक्याच्या गावात अजून तरी कानच लागतो, मशीन जिल्ह्याला आणि तिथली तारीख पुढच्या महिन्याची.

घरी बीपीच्या जुन्या मशीनबरोबर आलेला स्टेथो पडला असेल तर काढा, पंखा बंद करा आणि घरातल्या एखाद्या मुलावर डावीकडे दुसऱ्या फटीत ऐकून बघा, श्वास घेताना डब फुटतो का. नाही फुटला तरी लगेच मला फोन करू नका, बहुतेक वेळा फट चुकलेली असते, लुईच्या कोनापासून परत मोजा.